भुलीचं बोलणं टेबलावर चढण्याआधी

गर्भाशयाच्या आतली पोकळी दुर्बिणीतून पाहण्याच्या तपासणीला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. पुण्या-मुंबईत ही तपासणी ठरली की बाईला बहुतेक ठिकाणी रात्रीपासून उपाशी राहायला सांगतात. सकाळी सलाईन लावतात, भूलतज्ज्ञ येतात, आणि ती डोळे उघडते तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. इंग्लंडमध्ये तीच तपासणी बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात होते. तासभर आधी घरीच वेदनाशामक गोळी घ्यायची, जागेपणी तपासणी करून घ्यायची आणि थोडं टेकून घरी जायचं. तिथल्या काही बायका याविरुद्ध गेली काही वर्षं भांडत आहेत. ‘कॅम्पेन अगेन्स्ट पेनफुल हिस्टेरोस्कोपी’ नावाची त्यांची संघटना आहे आणि तेव्हा खासदार असलेल्या लिन ब्राऊन यांनी तिथल्या संसदेत हा विषय पुन्हा पुन्हा मांडला. मागणी साधी आहे: भूल हवी असेल तर ती मिळते, हे आम्हाला आधी सांगा.

यावरून आपल्याकडे बायकांच्या दुखण्याची जास्त काळजी घेतली जाते असं वाटेल. पण तांबी बसवताना आपल्याकडे भुलीचं नाव निघत नाही. मूल होत नाही म्हणून गर्भनलिका उघड्या आहेत का ते पाहायला औषध आत सोडून एक्स-रे काढतात. एचएसजी नावाची ही तपासणी पुष्कळजणींना हिस्टेरोस्कोपीइतकीच, कधी जास्तच, दुखते. पण ती होते एक्स-रेच्या खोलीत. तिथे भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून भूलही नसते. कोणत्या कामाला कोणती भूल द्यायची हे दुखण्याच्या अंदाजावरून ठरत असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं ती जागा, तिथली माणसं आणि तिथला रिवाज यांवरून ठरतं. म्हणूनच त्याबद्दल आधी विचारायला जागा आहे.

आधी दुखतं कुठून ते पाहू. गर्भाशय हा एकच अवयव असला तरी त्याच्या वेदना दोन वाटांनी मेंदूकडे जातात. पिशवीचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख आणि त्यालगतचा भाग, यांच्या संवेदना माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंतून जातात. पिशवीचा वरचा भाग, म्हणजे तिचं शरीर आणि माथा, यांच्या संवेदना वरच्या वाटेने, पाठीच्या खालच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूत शिरतात. पाळीच्या वेळी बेंबीखाली आणि कमरेत एकाच वेळी कळ येते ती याच वाटेने. योनीमार्गाचं बाहेरचं टोक आणि आसपासची त्वचा यांची नस आणखी तिसरी.

गर्भाशयमुखाला नुसता स्पर्श केला तर फारसं कळत नाही. ते चिमट्यात पकडलं किंवा ताणून रुंद केलं की कळतं. पिशवीच्या आतल्या माथ्याला काही टेकलं, किंवा आत पाणी भरून ती फुगवली, की पाळीसारखी पण झटक्यात उठणारी कळ येते. सोबत मळमळतं, घाम फुटतो, कधी नाडी मंदावून डोळ्यांपुढे अंधारी येते. ही भित्रेपणाची लक्षणं नाहीत. गर्भाशयमुख ताणलं गेलं की व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, आणि कितीही धीराची बाई असली तरी असं होऊ शकतं.

त्यामुळे तोंडापाशी दिलेलं बधिर करण्याचं इंजेक्शन चिमट्याचं दुखणं मारेल, पण माथ्याची कळ पुरती मारणार नाही. गोळी कळ कमी करेल, चिमट्याचा झटका नाही. एकीला पुरलेली गोष्ट दुसरीला पुरत नाही याचं एक कारण असं की दोघींच्या पोटात वेगवेगळं काम झालेलं असतं.

दुसरं कारण बायका-बायकांमधला फरक. ब्रिटनच्या स्त्रीरोग एंडोस्कोपी संस्थेने २०१९ मध्ये, बाह्यरुग्ण विभागात हिस्टेरोस्कोपी झालेल्या पाच हजारांहून जास्त बायकांची पाहणी केली. त्यांतल्या ७.८ टक्के बायकांना अजिबात दुखलं नाही. १७.६ टक्के बायकांनी दहापैकी सातच्या वर गुण दिले. म्हणजे ‘काही होत नाही गं, दोन मिनिटांचं काम’ म्हणणारी मैत्रीण खरं बोलते आणि ‘जीव जायचा राहिला’ म्हणणारी जाऊबाईही खरंच बोलते. सरासरी आकडा दोघींच्याही उपयोगाचा नाही.

कोणाला जास्त दुखण्याची शक्यता आहे याचे मात्र काही ठोकताळे आहेत. योनीमार्गातून बाळंतपण न झालेल्या बायका, आणि यांत दोन्ही मुलं सिझरने झालेली बाईही आली. पाळी थांबून वर्षं झालेल्या बायका, कारण पिशवीचं तोंड आवळतं आणि आतला पदर नाजूक होतो. पाळीत आडवं पडावं लागण्याइतकं दुखणाऱ्या मुली. आधीच्या तपासणीचा वाईट अनुभव असलेल्या, किंवा आयुष्यात कधी जबरदस्ती सोसलेल्या बायका. ‘दोन बाळंतपणं झालीत, मग एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य आपल्याकडच्या तपासणीच्या खोलीत सर्रास ऐकू येतं. बाळंतपण नैसर्गिक झालं असेल तर त्यात थोडं तथ्य आहे. सिझर झालेल्या बाईला ते ऐकवणं मात्र नुसतं अज्ञान आहे.

डॉक्टरांना समोरच्या बाईचं दुखणं दिसतं का, याचीही मोजणी झाली आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तांबीसारखी साधनं बसवून घेणाऱ्या बायकांना आणि ती बसवणाऱ्यांना, दोघांनाही, वेदनेचा आकडा विचारला. बसवणाऱ्यांचा अंदाज बायकांनी दिलेल्या आकड्याच्या साधारण निम्म्यावर भरला. माझ्या मते यात दुष्टपणा नाही. दिवसभर तेच काम करणाऱ्याला काम नीट झालं हे दिसतं, आणि ओठ आवळून गप्प पडलेली बाई म्हणजे न दुखणारी बाई असं त्याला वाटून जातं. आपल्याकडे तर गप्प पडून राहणं हाच चांगल्या वळणाचा पुरावा.

या आंधळेपणाला मोठा इतिहास आहे. अमेरिकेतल्या अलाबामात मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात बाळंतपणात फाटलेला योनीमार्ग शिवण्याची शस्त्रक्रिया बसवली, ती गुलाम काळ्या बायकांवर आणि भुलीशिवाय. अनार्का नावाच्या एका मुलीवर सुमारे तीस वेळा. बोस्टनमध्ये ईथरने भूल देण्याची जाहीर चाचणी ऑक्टोबर १८४६ मध्ये झाली होती, तरी सिम्सचं काम तसंच चालू राहिलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. याच काळात एडिंबरोचा जेम्स यंग सिम्पसन बाळंतिणींना आधी ईथर आणि मग १८४७ च्या नोव्हेंबरपासून क्लोरोफॉर्म देत होता. राणी व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि बायकांना भूल देण्यावरचा वाद तिथे निवळू लागला. दहा वर्षांच्या आतच एकीकडे राणी, दुसरीकडे अनार्का. भूल कोणाला मिळते हे औषधावर कधीच अवलंबून नव्हतं.

आता साधनांकडे येऊ. पण त्याआधी हत्यार. दुखणं कमी करण्याचा पहिला उपाय कित्येकदा औषधाच्या कपाटात नसून ट्रेमध्ये असतो. हिस्टेरोस्कोपीची दुर्बीण साडेतीन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर पिशवीचं तोंड रुंद करावं लागत नाही. इटलीतल्या बारी शहरात बेत्तोक्की आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशी पद्धत रूढ केली की योनीमार्ग उघडा धरणारं स्पेक्युलम घालायचं नाही, तोंड चिमट्यात धरायचं नाही. पाण्याच्या धारेने वाट उघडत दुर्बीण सरळ आत न्यायची. इंग्लंडमध्ये सुमारे सोळाशे बायकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा कमी दुखणारी आणि लवकर आटोपणारी ठरली. लग्न न झालेल्या मुलींच्या तपासणीत तिचा विशेष उपयोग आहे.

तसंच क्युरेटिंगचं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा पाळी बेसुमार जाऊ लागली की ‘पिशवी साफ करून तुकडा तपासायला पाठवू’ असं सांगतात. तुकडा मिळवायला दरवेळी क्युरेटिंग लागत नाही. पिपेल नावाची सुमारे तीन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची लवचीक नळी आत घालून आतल्या अस्तराचा नमुना खेचून घेता येतो. कळ येते, पण काम मिनिटभराचं. पूर्ण भूल, उपास आणि दिवसभर खाट अडवणं यांतलं काहीच लागत नाही. गर्भपाताच्या वेळीही जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याऐवजी निर्वात पद्धतीने पिशवी रिकामी करावी असं सांगते, आणि त्यासाठी सरसकट पूर्ण भूल देऊ नये असंही. ‘भूल कोणती?’ या प्रश्नाआधी ‘हे काम दुसऱ्या रीतीने होईल का?’ हा प्रश्न विचारून पाहावा.

गोळीबद्दल दोनच गोष्टी. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी खोलीबाहेर बाकावर बसून घेतली तर तिचा परिणाम व्हायला लागेपर्यंत काम संपलेलं असतं, म्हणून ती तासभर आधी घ्यायची. आणि तिच्याकडून अपेक्षा माफक ठेवायची. तांबीवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा आयब्युप्रोफेनने बसवतानाचं दुखणं कमी केल्याचं दिसलं नाही. ती उपयोगी पडते नंतरच्या कळांना. ज्यांना पोटात व्रण आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, किंवा अशा गोळीने दमा उसळतो, त्यांनी ती विचारूनच घ्यावी. तोंड मऊ पडावं म्हणून तांबीआधी मिसोप्रोस्टॉल देण्याची चाल आहे. तिची सरसकट गरज नाही, शिवाय त्या गोळीने स्वतःच कळा येतात.

यापुढची पायरी म्हणजे जागेवरची भूल. पिशवीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन तिथलं मज्जातंतूंचं जाळं बधिर करतात. दात काढण्याआधी हिरडीत देतात तेच औषध. बाळंतपण न झालेल्या बायकांना तांबीआधी हे इंजेक्शन दिलं तर काय होतं, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अमेरिकी चाचणीत पाहिलं गेलं. इंजेक्शनाविना वेदनेचा आकडा शंभरपैकी ५४ होता, इंजेक्शन दिलेल्यांत तो ३३ वर आला. दुखणं शून्य झालं नाही, पण फरक सहज जाणवावा इतका पडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या शिफारशी बदलल्या. दुखणं कमी करायला लिग्नोकेन, इंजेक्शन म्हणून किंवा वरून लावून, उपयोगी पडू शकतं आणि त्याबद्दल प्रत्येकीशी आधी बोलावं, असं त्यात लिहिलं. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तशीच भूमिका घेतली.

या इंजेक्शनात वजनाचा हिशेब महत्त्वाचा असतो. त्या चाचणीत एक टक्क्याचं औषध २० मिलिलिटर दिलं होतं, म्हणजे २०० मिलिग्रॅम. साध्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे दर किलोला साडेचार मिलिग्रॅम धरतात. आपल्याकडे चाळीस किलो वजनाच्या बायका काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी ही मर्यादा १८० मिलिग्रॅमवरच संपते, आणि काही ठिकाणी तर मर्यादा याहूनही कमी धरतात. म्हणून परदेशी कागदावरचा डोस जसाच्या तसा उचलून चालत नाही. इंजेक्शनानंतर कानात गुणगुण, ओठांना मुंग्या किंवा तोंडात धातूची चव आली तर ‘असंच असेल’ म्हणून गप्प बसू नये, लगेच सांगावं. औषध रक्तात जास्त गेल्याची ती पहिली खूण असते.

गुंगी हा सगळ्यात फसवा प्रकार आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. ‘थोडी गुंगी देतो, झोप लागेल’ या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. मिडाझोलाम नुसतं दिलं तर भीती जाते आणि आठवण पुसली जाते, पण दुखणं थांबत नाही. त्या वेळी बाई विव्हळते आणि नंतर तिला ते आठवत नाही. आठवत नाही म्हणून चाललं, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. फेंटानिल किंवा तसं दुसरं औषध सोबत दिलं तर दुखणं खरंच कमी होतं. प्रोपोफॉल दिलं तर काही सेकंदांत झोप लागते आणि ती झोप बघता बघता पूर्ण भुलीत उतरते. श्वास मंदावतो, कधी थांबतो. काही मिनिटांत जागं करणारं हे औषध आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज काढताना, क्युरेटिंगला, हिस्टेरोस्कोपीला फार सोयीचं आहे, आणि योग्य हातात सुरक्षितही. इथे प्रश्न विचारायचा तो औषधाच्या नावाचा नाही, तर ‘श्वासाकडे कोण पाहणार?’ हा. ज्याचे डोळे आणि हात पिशवीत गुंतले आहेत, त्या माणसाला त्याच वेळी श्वासावर लक्ष ठेवता येत नाही. त्यासाठी दुसरा, भुलीतलं कळणारा माणूस खोलीत हवा. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा हवा. ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी घालायची सोय हाताशी हवी. एवढं नसेल तर गुंगीपेक्षा जागेवरची भूल बरी.

वेदनाशामक दिलं आहे असं सांगूनही ते पोचलंच नाही तर काय होतं, याचं एक विदारक उदाहरण अमेरिकेतलं आहे. येल विद्यापीठाच्या वंध्यत्व उपचार केंद्रात २०२० साली जून ते ऑक्टोबरमध्ये एक परिचारिका फेंटानिलच्या बाटल्यांतलं औषध स्वतःसाठी काढून त्यांत सलाईन भरत होती. त्या काळात रुग्णांना दिलेल्या फेंटानिलपैकी सुमारे तीन चतुर्थांश असं भेसळीचं होतं. स्त्रीबीज काढताना बायका ओरडत होत्या, आणि त्यांना पूर्ण डोस दिला आहे, आणखी देता येत नाही, असं सांगितलं जात होतं. परिचारिका दोषी ठरली. पण कित्येक आठवडे एकामागून एक बायका ओरडत असताना ‘बाटलीत काही गडबड आहे का?’ ही शंका यायला इतका उशीर का झाला? बाईच्या बोलण्यापेक्षा बाटलीवरच्या लेबलावर जास्त विश्वास होता, दुसरं काय.

पाठीतल्या इंजेक्शनाविषयी आपल्याकडे जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दलच नसतील. ‘सिझरच्या इंजेक्शनापासून कंबर धरली ती धरलीच’ हे घराघरांत ऐकू येतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये घालतात. इंजेक्शनाची जागा चार दिवस दुखरी राहते. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी मात्र त्या सुईचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. बाळंतपण, वाकून उचललेलं मूल आणि न मिळालेली विश्रांती यांचं खापर सुईवर फुटतं.

डोकेदुखी मात्र खरी. ही भूल शोधणाऱ्याने ती स्वतःही अनुभवली. जर्मनीतल्या कील शहरात १८९८ च्या ऑगस्टमध्ये आउगुस्ट बिअरने आपल्या हिल्डेब्रांट नावाच्या सहाय्यकाच्या पाठीत कोकेन टोचलं आणि मग पायाला चिमटे काढून, नडगीवर हातोडी मारून, पेटती सिगार टेकवून काही कळतंय का ते पाहिलं. काही कळलं नाही. दोघांनी दारू पिऊन तो दिवस साजरा केला. पण त्याआधी बिअरने स्वतःवर प्रयोग करून घेतला होता आणि सिरिंज सुईला न बसल्याने त्याच्या पाठीतलं पाणी बरंच गळून गेलं होतं. त्यामुळे त्याला नऊ दिवस अंथरुणात काढावे लागले. उठून बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. आजही ही डोकेदुखी अशीच ओळखतात. आता केसाइतक्या बारीक, पेन्सिलीच्या टोकाच्या सुया आल्याने ती क्वचित होते, पण तरुण बायकांत तिचं प्रमाण जास्त असतं. चार दिवसांत गेली नाही तर अंगावर काढू नये, त्यावर उपाय आहे.

योनीमार्गातून पिशवी काढायची असेल तर पाठीतली भूल उत्तमच. दुर्बिणीतून मोठी गाठ काढतानाही तिचा फायदा होतो. त्या वेळी पिशवीत पाणी सोडत राहावं लागतं. ते जास्त शोषलं गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात. जागी बाई असंबद्ध बोलू लागली की ते चटकन ध्यानात येतं, झोपलेलीच्या बाबतीत उशिरा. पण दहा मिनिटांच्या क्युरेटिंगसाठी दोन-तीन तास पाय जड करून ठेवायचे, लघवी अडली तर नळी घालायची, हा मला अव्यवहार वाटतो.

पूर्ण भूल म्हणजे सगळ्यांत धोक्याची, हा समज आता जुना झाला. निरोगी माणसात भुलीमुळे जीव जाण्याचा धोका प्रगत देशांतल्या आकड्यांनुसार लाखात एखादा इतका कमी आहे. पोटात वायू भरून करायच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना बहुधा तीच लागते. त्रास होतो तो उलट्यांचा. बाई असणं, धूम्रपान न करणं, पूर्वी भुलीनंतर उलटी झालेली असणं किंवा गाडी लागणं, आणि नंतर अफूवर्गातली वेदनाशामकं दिली जाणं, या चार गोष्टी उलटीचा धोका वाढवतात. महाबळेश्वरचा घाट चढताना ज्यांना लिंबू हुंगावं लागतं त्यांनी हे भूलतज्ज्ञांना जरूर सांगावं. त्यावर आधीच औषध देता येतं.

आणि चहा. उपाशीपोटी या शब्दात आपल्याकडे चहा धरतच नाहीत. दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच राहतो. त्याला आणि हलक्या खाण्याला सहा तास, तेलकट-तुपकट जेवणाला आठ तास सोडावे लागतात. साधं पाणी, साखरपाणी किंवा कोरा चहा मात्र सहसा दोन तास आधीपर्यंत चालतो. त्यामुळे दुपारी दोनच्या कामासाठी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता बसून राहण्याची गरज नसते. वजन किंवा साखर कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, तेव्हा ती सांगावीतच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, कारण त्यांवर पाठीतलं इंजेक्शन देता येईल की नाही ते ठरतं.

हे सगळं सांगायचं कोणाला, हा तालुक्याच्या गावातला खरा प्रश्न. मोठ्या रुग्णालयात भुलीपूर्वीची तपासणी आदल्या दिवशी होते. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, आणि बाईची त्यांच्याशी पहिली भेट टेबलावर होते. तोवर बोलायची वेळ गेलेली असते. आदल्या दिवशी पाच मिनिटं फोनवर बोलणं करून द्या, असं म्हटलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्यांची फी वेगळी असते. ती वाचवायला ‘एवढ्याशा कामाला कशाला’ असं कधी दवाखाना म्हणतो, कधी घरचेच. ते घरच्यांनी म्हणणं जास्त वाईट.

पैसे वाचवण्याची सवय सरकारी पातळीवर गेली की काय होतं हे नसबंदीच्या शिबिरांनी दाखवलं. बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत रात्रीच्या दोन तासांत ५३ बायकांची शस्त्रक्रिया उरकली गेली. छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर अनेकजणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करा असं सांगितलं. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्याच खगडिया जिल्ह्यातल्या बायकांनी भूल न देताच नसबंदी केल्याची तक्रार केली. खरं तर सरकारी नियमांत या शस्त्रक्रियेला जागेवरची भूल आणि सोबत वेदनाशामक हीच रीत सांगितली आहे, आणि नीट दिली तर ती पुरते. इंजेक्शन दिल्यावर ते भिनायला वेळ द्यावा लागतो. रांगेत पन्नास बायका असताना तो वेळच कोणाकडे नसतो.

राहिली सही. सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला कायद्याने तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही दवाखाने मागतात ती रिवाज म्हणून. १६ जानेवारी २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे लख्ख सांगितलं आहे. दिल्लीतली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी पूर्ण भुलीखाली होती. ती झोपेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. बाई सज्ञान आहे, तिच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता, तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे आणि तपासणीची परवानगी म्हणजे शस्त्रक्रियेची परवानगी नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणून पूर्ण भुलीच्या कागदावर सही करताना ‘आत काही सापडलं तर काय करायचं आणि काय नाही’ हे त्याच कागदावर लिहून घ्यावं.

जागेपणी काम होणार असेल तर सहीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबवण्याची खूण. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२३ मध्ये सांगितलं की बाईने म्हटलं तर तपासणी त्या क्षणी थांबवली पाहिजे, आणि गुंगी किंवा भूल देऊन पुन्हा कधीतरी करण्याचा पर्याय तिला आधीच सांगितलेला असला पाहिजे. हात वर केला की थांबायचं, एवढं डॉक्टरांशी आधी ठरवून घ्यावं. तसं ठरलेलं असलं की पुष्कळजणींना हात वर करावाच लागत नाही.

गुंगी किंवा पूर्ण भूल घेतली असेल तर सोबत माणूस हवा. चोवीस तास गाडी चालवायची नाही, कोणत्याही व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही. पोटात वायू भरला असेल तर दोन दिवस खांदा दुखतो, त्याला हृदयविकार समजून घाबरू नये. ताप, वाढती पोटदुखी, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, यांतलं काही दिसलं तर उशीर करू नये. आणि घरी जायच्या कार्डावर कोणती भूल दिली, किती दिली, उलट्या झाल्या का, दुखलं का, हे लिहून मागावं. आपल्याकडच्या कार्डांवर औषधांची यादी असते, भुलीची ओळ बहुधा कोरी असते. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांपुढे तीच ओळ सगळ्यात आधी लागते.